दहा वर्षांची दुपार

नवा असताना कुठलाही कॉम्प्युटर पळतोच. खरं कळतं ते वापरल्यावर. रोज फाइली बनतात, वाढतात, खोडल्या जातात. डिस्कवरची मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत विखुरते, आणि मग एक बिल उघडायला मिनिट लागतं. म्हसावदच्या आमच्या बी-बियाण्यांच्या दुकानात ऐन खरिपाच्या गर्दीत तसं झालं असतं, तर सगळ्यांनी माझंच डोकं खाल्लं असतं. नव्या डिस्कचा हट्ट माझा होता. म्हणून तिला आधीच म्हातारी करून बघायचं ठरवलं.

त्यासाठी महिनाभर मी आबांचा दिवस टिपला. दोधूआबा, माझे आजोबा. ते गल्ल्यावर बसल्यापासून उठेपर्यंत कॉम्प्युटरवर काय उघडतं, काय बदलतं, काय खोडलं जातं, सगळं. माझा प्रोग्राम तेच दिवस भराभर पुन्हा चालवणार होता. दहा वर्षं, एका दुपारात.

आबांना सांगितलं, तर चष्म्यावरून बघत राहिले. "त्या दिन कोना शेतस वं?"

"तुमचेच. पण खोटे."

"खोटा कसा? मन्हाच शेतस ना?"

"आबा, तुम्हाला नाही कळायचं. जेवायला जा बरं!"

ते घरी गेले. मी शटर ओढून आतून कडी लावली आणि मागच्या गोदामात जाऊन प्रोग्राम सुरू केला.

एप्रिलचं ऊन. पत्रा तडतडत होता. फवारणीच्या औषधांचा तो गोडसर, घशाला चिकटणारा वास. डिस्क चालू लागली. टक… टक… खर्रर्र. पडद्यावर पहिलं वर्ष संपलं, तेवढ्यात पुढून हाक आली.

"रुपा, पानी दे वं."

आबा परत आले वाटतं. "येते हो!" मी म्हणाले, पण उठले नाही. फाइल उघडायचा वेळ नुकता वाढायला लागला होता, तो सोडून कोण उठणार? आबांना सगळं बसल्या जागी हवं असतं.

तिसरं वर्ष. "रुपा… पानी…" आवाज बसलेला. ऊन लागलं असेल.

"आबा, माठ तुमच्या शेजारीच आहे!"

पाचवं वर्ष संपताना आवाज इतका बारीक झाला, की ऐकायला मला पंखा बंद करावा लागला.

"मझार… कोन शे?"

"आत मी आहे. रुपा."

मग, अगदी हळू…

"कोन रुपा?"

मी उठले. पुढे कोणी नव्हतं. शटरची कडी मी लावली होती, तशीच होती. मग आत आलं कोण? माठात हात घातला. सकाळी मीच भरलेला माठ कोरडा होता. बोटांना कोळ्याचं जाळं लागलं.

पप्पांना फोन केला. "आबा? ते जेवून केव्हाचे झोपलेत. तू ओरडतेस कशाला?"

मी धावत गोदामात गेले. पडद्यावर सहावं वर्ष. कॉम्प्युटरची वायर उपटली. पडदा काळा झाला. आवाज थांबला नाही. टक… टक… खर्रर्र. आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. या नव्या डिस्कमध्ये फिरणारं काही नसतंच. ती आवाज करत नाही, म्हणून तर मी तिचाच हट्ट धरला होता. मग इतका वेळ मी ऐकत काय होते?

भर उन्हात घर गाठलं. आबा पडवीत खाटेवर झोपले होते. मी वाकून त्यांच्या छातीला कान लावला.

टक… टक… खर्रर्र.

"आबा… पाणी आणू?"

त्यांनी डोळे उघडले. मी तांब्या ओठांना लावला. ते घटाघट प्यायले, थांबलेच नाहीत. मग माझ्याकडे बघत राहिले. मी माझ्या नावाची वाट बघत होते.

"उनी का तू?" ते म्हणाले. आलीस का, एवढंच; नाव नाही. "कितला वरीस झायात… हाका मारी ऱ्हायनू मी."

"आबा, मी कोण?"

त्यांनी रिकामा तांब्या माझ्या हातात दिला आणि कूस बदलली. दुसऱ्या हाताकडे माझं आत्ता लक्ष गेलं. उपटलेली वायर अजून मुठीतच होती.

खाटेवरून आवाज येतच होता. टक… टक…