घोट्यापर्यंतचं माप

"हलू नका! अजिबात हलू नका!"

कात्री घेऊन मी दुकानाच्या पायरीवरून खाली धावले खरी, पण तो हलण्याच्या अवस्थेत नव्हताच. सायकल आमच्या पाटीच्या खांबाला रेलली होती, तो त्या सायकलवर अर्धा आणि जमिनीवर अर्धा होता, आणि त्याच्या पँटचा उजवा पाय चेननं पार पोटरीपर्यंत गिळला होता.

"कापणार?" त्यानं कात्रीकडे बघत विचारलं.

"मग काय कौतुक करू?"

"पँट नवी आहे हो."

"होती."

तो हसला. अडकलेल्या माणसानं इतकं छान हसू नये, असं माझ्या मनात येऊन गेलं.

"पॅडल जरा उलटं फिरवा की. सुटेल," मी म्हटलं.

"नाही ना सुटत. ही फिक्स आहे. पॅडल उलटं फिरवलं की चाकही उलटं फिरतं. आणि चाक फिरतंय तोवर पाय थांबवता येत नाहीत."

"म्हणजे बसणाऱ्याला विसावाच नाही?"

"नाही."

"आणि असल्या सायकली लोक पैसे मोजून घेतात?"

"घेतात तर. मीच विकतो."

मी कापड कापलं. शिवणीला धरून, जपून कापलं, कारण वाटेल तसं कापणं माझ्या हाताला जमत नाही. मग त्याला आत नेलं आणि म्हटलं, उरलेली पँट खालून अरुंद करून देते, म्हणजे पुन्हा चेनच्या तोंडी जाणार नाही. टेप घेऊन मी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले. कंबर, मांडी, आतल्या बाजूनं खाली थेट घोट्यापर्यंत... दिवसभरात मी अशी किती मापं घेते, कधी काही वाटत नाही. त्या दिवशी मात्र टेप बोटांतून दोनदा निसटली.

मागे वहिनीचं मशीन थांबलं. ते दोनच कारणांनी थांबतं. दोरा तुटला की, नाहीतर काही बघण्यासारखं असलं की.

"दोरा तुटला का गं?" मी मागे न बघता विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाली. अगदी गोड आवाजात.

माझी ओळख सांगायची राहिलीच. बाबांना सगळे मास्तर म्हणतात आणि मला छोटे मास्तर. आमची बरीच गिऱ्हाइकं आता म्हातारी झालीत, त्यांना दुकानापर्यंत येणं झेपत नाही. मग मीच पिशवी खांद्याला अडकवून घरोघरी ट्रायल घ्यायला जाते. निम्मी दुपार बसची वाट बघण्यात जाते. दादाची जुनी सायकल होती, पण तिचे एकवीस गिअर आणि त्यातला एकही धड पडत नव्हता. मला सायकल हवी होतीच. अगदी खरं सांगायचं तर ती त्या आठवड्यातच हवी, असं मात्र काही नव्हतं.

त्याचं वर्कशॉप पुढच्या गल्लीत, एका जिन्याखाली होतं. छताला आकड्यांवर नुसत्या फ्रेमा टांगलेल्या, खाली रबर आणि ग्रीसचा वास. मी आत शिरले तेव्हा तो एका हातानं चाक फिरवत होता आणि दुसऱ्या हातानं चहा पीत होता. मला बघून त्यानं चुकून चहाचा हात फिरवला.

"पँट ठीक बसली?" मी विचारलं.

"इतकी, की चेन नाराज आहे." सांडलेला चहा पुसत तो म्हणाला. "तुम्हाला काय हवंय?"

"सायकल. स्वस्तातली. पण स्वस्त दिसायला नको."

"कुठं कुठं फिरता? चढ किती?"

"सगळं सपाट. एक पूल आहे, तोही बेताचा."

"मग एक गिअर पुरे. बिघडायला काही नाही, म्हणून तर ती स्वस्त पडते. पैसे टायरला आणि ब्रेकला घाला. ब्रेक दोन्ही हवेत, पुढचा आणि मागचा. रंगाला फार पैसे घालू नका."

"मला ती पिवळी आवडली."

"रंग शेवटी. आधी माप."

हे वाक्य मी स्वतः दिवसातून कितीदा तरी गिऱ्हाइकांना ऐकवते. ऐकून घ्यायला इतकं चीड आणणारं असेल याची मला कल्पना नव्हती.

"आणि मागचं चाक दोन्ही बाजूंनी बसतं," तो सांगत होता. "एका बाजूनं लावलं तर माझ्यासारखी फिक्स. फिरवून लावलं तर मध्येच पाय थांबवता येतात. तुम्हाला थांबता येणारी बाजू लावतो."

"का? मला फिक्स झेपणार नाही?"

"झेपेल. पण तुमच्या पँटा ढगळ आहेत, आणि प्रत्येक वेळी कात्री घेऊन धावत यायला माझ्याकडे कात्री नाही."

मला हसू आवरेना. त्यानं फळीवरून एक जाडजूड पुस्तक काढलं आणि माझ्याकडे वळला. "तर पायाचं आतलं माप—"

"अठ्ठावीस," मी ताडकन म्हटलं.

तो पुस्तक हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "नक्की?"

"माझ्या पँटा मीच शिवते. आणि माझं माप आजवर कधी चुकलेलं नाही. शंका असेल तर अख्ख्या गल्लीला विचारा."

त्यानं पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं... आणि पुस्तक सावकाश फळीवर परत ठेवलं.

"नको. तुमचा शब्द पुरे," तो म्हणाला.

मग मी रोज संध्याकाळी 'कुठवर आलंय' ते बघायला जायला लागले. दुकानातून निघताना वहिनीला दर वेळी नवं कारण सांगायचे आणि ती दर वेळी तितक्याच गंभीरपणे मान हलवायची. तो मला नट घट्ट करायला द्यायचा. मी फार घट्ट केला की म्हणायचा, "अहो, गळा आवळायचा नाहीये त्याचा." हाताला ग्रीस लागलं की तोच फडकं पुढे करायचा, आणि ते परत घेताना जरा जास्तच वेळ धरून ठेवायचा. मला तो आवडत होता. फार आवडत होता. आणि म्हणूनच जसजशी सायकल उभी राहायला लागली तसतशी मला धास्ती वाटायला लागली, की एकदा ती पूर्ण झाली की मी इथं यायचं कुठल्या तोंडानं?

ती पूर्ण झालीच. पिवळी, देखणी, नव्या टायरांची. मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळून आले. वळताना माझ्या बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासलं. गुडघा हँडलला लागला.

"कशी आहे?" त्यानं विचारलं.

"मस्त!" मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? अठ्ठावीस मी सांगितलं होतं. छातीठोकपणे.

पुढचे काही दिवस मी त्या सायकलवरून सगळ्या म्हाताऱ्यांच्या ट्रायली केल्या. सीट वर काढली, तरी हँडल छातीशीच येत होतं. कुणी विचारलं की मी म्हणायचे मस्त, आणि घरी येऊन गुडघ्यांना मलम चोळायचे. वर्कशॉपच्या गल्लीत मात्र फिरकले नाही. त्यानं मला त्या अवतारात बघितलं असतं तर माप कुणाचं चुकलं हे लगेच कळलं असतं.

शेवटी वहिनीनंच दारातून मला सायकलवर येताना पाहिलं.

"सर्कशीतलं अस्वल दिसतेस," ती म्हणाली. "काय माप दिलंस त्याला?"

"अठ्ठावीस."

तिनं टेप उचलली, मला उभं केलं आणि खाली मोजत गेली. घोट्यापाशी अठ्ठावीस भरले. ती थांबली नाही. टेप तशीच खाली जमिनीपर्यंत नेली.

"तू घोटा ठेवतेस का गं पॅडलवर? पाऊल घरी विसरून जातेस?"

माझा चेहरा असा काही झाला असणार, की ती आधी पोट धरून हसली आणि मग माझी तिला दयाच आली. पँट घोट्याशी संपते, पाय संपत नाही. इतकी साधी गोष्ट! आणि जांघेतही पँट आम्ही सैल सोडतो, सीट काही सैल सोडत नाही.

"बाबांना सांगू नकोस," मी म्हटलं.

"बाबांचं सोड. त्याला सांग जा."

परत जायला कारण हवं होतं, ते मिळालं होतं. पण नाक कापून. रात्रभर तळमळले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सायकल हातानं ढकलत त्याच्या दारात उभी राहिले.

तो झटकन उठला. "आलात!"

"गुडघे," मी म्हटलं.

"काय झालं त्यांना?"

"हँडलला लागतात."

त्याला जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्यानं फडक्याला हात पुसले. मग खाली बघत म्हणाला, "म्हणजे अठ्ठावीस चुकलं."

मी सायकल भिंतीला टेकवून ठेवली.

"पण तुमचं माप तर कधी चुकत नाही... मग—" त्याचे कान लाल झाले होते. "मुद्दाम दिलंत का? म्हणजे, परत यावं लागावं म्हणून? नाही, मला आपलं वाटलं. वाटून बरं वाटलं."

एक 'हो' म्हणायचा अवकाश होता. माझं नाक शाबूत राहिलं असतं, अख्ख्या गल्लीत छोट्या मास्तरांचं माप चुकल्याचं कुणाला कळलं नसतं, आणि समोर तो आनंदानं उजळला असता. शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला होता. पण ह्या माणसाशी पहिलीच महत्त्वाची गोष्ट बोलायची आणि ती खोटी बोलायची, हे मला जमेना.

"मुद्दाम नव्हतं," मी म्हटलं. "चुकलं. खरंच चुकलं. मी पँटचं माप दिलं. घोट्यापर्यंतचं."

"अच्छा," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला. मला ते बघवेना.

"पण ऐका ना... ते बरोबर निघालं असतं, तर मी दुसरं काहीतरी मुद्दाम बिघडवून आणलं असतं. ब्रेक सैल करून ठेवायचं माझ्या डोक्यात होतंच."

बोलून गेले आणि कानशिलं तापली. तो स्टुलावर बसला.

"मग मलाही काही सांगायचंय. रागावणार नाही ना?"

"ते ऐकल्यावर ठरवेन."

"मला माहीत होतं. तुम्ही अठ्ठावीस म्हणालात ना, तेव्हाच. इथं येणारा प्रत्येक जण पँटचं माप सांगतो. म्हणून तर ते पुस्तक ठेवलंय. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, पुस्तक पायांत घट्ट वर धरायचं आणि तिथून जमिनीपर्यंत मोजायचं."

"मग मला का नाही दिलंत पुस्तक?"

त्यानं फळीवरच्या त्या पुस्तकाकडे पाहिलं.

"दिलं असतं तर सायकल पहिल्याच फटक्यात बरोबर झाली असती," तो हळूच म्हणाला. "आणि तुम्ही ती घेऊन गेला असतात."

मला राग यायला हवा होता. आलाही, थोडासा. "म्हणजे मी इतके दिवस अस्वलासारखी गावभर फिरले ती—"

"मला वाटलं पहिल्याच संध्याकाळी भांडायला याल! रोज दार उघडं टाकून बसलो होतो मी. तुम्ही 'मस्त, मस्त' म्हणत फिरताय, हे मला काय माहीत?"

मी हसायला लागले. तोही. इतके हसलो की जिन्यावरून उतरणाऱ्या एका बाईंनी वाकून आत बघितलं. मग त्यानं कोपऱ्यातून एक फ्रेम काढली. दोन नंबर मोठी, पुसून, कापडात गुंडाळून ठेवलेली.

"ही तुमची. चाकं, ब्रेक, टायर सगळं तेच हिच्यावर चढवतो."

"किती वेळ लागेल?"

"आत्ता बसतो. अंधार पडायच्या आत होईल." त्यानं पाना उचललासुद्धा.

मी बाजूचा डबा ओढला आणि त्याच्या शेजारी बसले. आमचे खांदे एकमेकांना लागले, आणि दोघांपैकी कुणीच सरकलं नाही.

"एवढी काय घाई आहे?" मी म्हटलं. "सावकाश कर."

त्यानं पाना खाली ठेवला.

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला.