शिडाचा निळा

थेंब पडला तो नेमका तिच्या बाहीवर. तिने वर पाहिले. परांचीवरचा तरुण, हातातला ब्रश तसाच धरून, ओशाळून उभा होता.

“अहो, भिंत तिकडे आहे,” ती म्हणाली.

चित्रमय काचा घडवणारा तो जुना कारखाना तिच्या वडिलांचा. रस्त्याकडच्या भिंतीवर पणजोबांच्या काळी रंगवलेली जाहिरात होती — निळ्या शिडाचे गलबत आणि खाली कारखान्याचे नाव. ऊनपावसाने ती इतकी विवर्ण झाली होती की गलबत केवळ श्रद्धेनेच दिसावे. ती जाहिरात पुन्हा रंगवण्यासाठी वडिलांनी या चित्रकाराला बाहेरगावाहून बोलावले होते.

शिडाचा मूळ रंग कोणता, असे त्याने तिला विचारले. तिने कारखान्यातला निळ्या काचेचा तुकडा आणून दिला. त्याने तो सूर्यासमोर धरला, न्याहाळला, आणि त्याबरहुकूम रंग कालवून शीड रंगवले. ते भडक दिसू लागले. काचेचा निळा आरपार येणाऱ्या उजेडाचा, भिंतीचा निळा उलटून येणाऱ्या उजेडाचा — एवढी साधी गोष्ट काचांत वाढलेल्या तिला सुचली नाही आणि रंगांत रमलेल्या त्यालाही नाही. दोघे त्या शिडाकडे गंभीरपणे पाहत राहिले… आणि मग दोघांनाही हसू आवरेना.

पुढच्या खेपेस त्याने तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवला आणि रंग जुळला. परंतु शीड झाले की चित्रकार दूरच्या गावी मोठ्या कामाला जाणार, हे वडील जेवताना सहज बोलून गेले होते. तिने मान तिरकी करून सांगितले की, किंचित गडद वाटतो. दुसऱ्या दिवशी तिला तो फिका वाटला. तोही निमूटपणे, तक्रारीचा शब्द न काढता, पुन्हा रंग कालवायला बसे. वडिलांनी विचारले की ती म्हणे, अजून जुळत नाही.

अखेर वडिलांनी फर्मावले, परांची उद्या उतरवा. ती भिंतीपाशी आली तेव्हा तो ब्रश बांधत होता.

“खरं सांगू… रंग केव्हाच जुळला होता,” ती म्हणाली.

“ठाऊक आहे. मी रोज तोच लावत होतो.”

त्याने निळ्या काचेचा तुकडा तिच्या हातात परत दिला.

“आता मात्र थांबायला निमित्त उरलं नाही,” तो हळूच म्हणाला.

“निमित्त कशाला हवं? मी म्हणते — थांब.”

त्याच्या हातातली गाठ सुटली. शब्द दिलेले ते काम करावे तर लागेलच, पण ते संपताच इथेच परत येईन, असे तो म्हणाला. मग जरा चाचरत, तिच्या वडिलांना काय सांगावे, हे त्याने विचारले. तिने वर पाहिले. खिडकीत उभे असलेले वडील, दोघांची नजर वळताच, लगबगीने आधीच स्वच्छ असलेली काच पुसू लागले.

“त्यांना सांगायचं काही उरलेलं दिसत नाही,” ती म्हणाली. “तू लवकर ये. आणि तिथे कुणाला निळा विचारू नकोस.”