निळ्या पतंगी कागदाची खिडकी

"चोरटी आहेस तू, कलाबाई! बारा वर्षं या घरात आली, अन् माह्याच कपाटात हात घातला!"

शुक्रवारी सकाळी केशवरावांचा आवाज आळीच्या शेवटच्या घरापर्यंत गेला. सौंसरात १९५६ चा मे महिना तापून राहिला होता. शेजारची उर्मिला भूमितीचं पुस्तक उघडंच टाकून धावली. मॅट्रिकचं वर्ष होतं खरं, पण भूमिती काही पळून जात नाही.

अंगणात कलाबाई उभी होती. हिरवं लुगडं, हाताला भांड्यांची राख. दारात केशवराव, तहसील कचेरीतले हेडक्लार्क. संत्र्याचा काटा लागून एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर उन्हासाठी हात धरलेला.

"आता ठाण्यात कळवतो!"

"ठाण्यात नाव गेलं त मले कोन उभं करन, बाबूजी? पाच घरची भांडी घासतो मी. पाचही घरं जातीन."

"काय चोरलं तिनं, काका?" उर्मिलेनं मधेच विचारलं.

"फॉर्म!"

राज्यांची वाटणी होणार होती. नागपूर महाराष्ट्रात, सौंसर मध्यप्रदेशात. कोणाला कुठं जायचं ते कचेरीतल्या लोकांनी लिहून द्यायचं होतं. केशवरावांनी नागपूर लिहिलं. फॉर्म काल, गुरुवारी, दुपारच्या छिंदवाड्याच्या मोटारीनं जायला हवा होता. शिपाई न्यायला आला तर कपाटात फॉर्मच नाही. तीच शेवटची तारीख होती. ज्याचा फॉर्म नाही, तो इथंच.

"तुम्ही तिले पाहिलं काय?"

"या डोळ्यानं पाहिलं! खोलीत पडलो होतो. जेवणानंतर पडवीत कपाट वाजलं. खिडकीतून पाहिलं त हिरवं लुगडं."

"अन् चेहरा?"

"कागदातून चेहरा कसा दिसंल? पण आळीत रोज हिरवं लुगडं कोण नेसते, सांग बरं!"

उर्मिलेनं खोलीत जाऊन खिडकी पाहिली. होळी झाली की सौंसरात घरोघर चुन्यात नीळ कालवून तावदानांना फासतात. तेवढंच ऊन कमी. पण चुन्याची पापडी दुखऱ्या डोळ्यात पडेल म्हणून केशवरावांच्या बायकोनं, प्रेमलताबाईंनी, बुधवारी संध्याकाळी निळा पतंगी कागद खळीनं चिकटवला होता. अंधार होऊ नये म्हणून वरून जवसाचं तेल चोळलं होतं. कागदातून उजेड यायचा, माणूस हलताना दिसायचा, नाकडोळे नाही.

"काका, कपाटात कागद किती?"

"असतीन चाळीस-पन्नास."

"अन् गेला एकच. कलाबाई, तुले वाचता येते?"

"वाचता आलं असतं त राखीत हात कायले घातले असते, पोरी?"

"तिले कोणी शिकवून ठेवलं!" केशवराव उसळले. "तो पांढुर्ण्याच्या कचेरीतला पुंडलिकराव. नागपूरची जागा एक, मागणारे आम्ही दोघं. बुधवारी आला होता न चहाले!"

"फॉर्म कपाटात कधी ठेवला?"

"गुरुवारी सकाळी, सही करून."

"मंग बुधवारी त्याले काय स्वप्न पडलं होतं?"

उर्मिला स्वयंपाकघरात गेली. प्रेमलताबाई पाठ करून बसल्या होत्या.

"काकू, काल दुपारी तुम्ही कुठं होत्या?"

"कुठं असीन? चुलीपुढं. साबुदाणा करून राहिली होती. गुरुवार होता न माहा."

"कपाट वाजल्याचं ऐकलं?"

"नाही बाप्पा. तू अभ्यास कर न जाऊन. वकिलीण झाली काय?"

"अजून नाही," उर्मिला म्हणाली आणि अंगणात आली. तारेवर प्रेमलताबाईंचं पिवळं लुगडं वाळत होतं. दत्ताचा गुरुवार त्या पिवळं नेसूनच करत. उर्मिला लुगड्याकडे पाहत राहिली, मग खिडकीकडे. मग एकदम तिनं टाळीच वाजवली.

"काका, खोलीत जाऊन बसा. कपाटापाशी कोण आलं ते आतून सांगा."

आधी तिनं कलाबाईला कपाटापाशी उभं केलं.

"कोण आहे थे?" आतून आवाज आला. "काळं लुगडं दिसून राहिलं."

कलाबाईनं आपल्या हिरव्या पदराकडे पाहिलं. उर्मिलेनं तिला बाजूला केलं, तारेवरचं लुगडं अंगाभोवती गुंडाळलं आणि कपाट वाजवलं.

"हेच! हेच हिरवं लुगडं! मी म्हटलं नव्हतं?"

उर्मिलेनं खिडकी खाडकन उघडली. समोर ती पिवळ्याधमक लुगड्यात उभी होती.

"निळ्यातून पिवळं पाहिलं की हिरवं दिसते, काका. अन् खरं हिरवं काळपट दिसते. बुधवारी संध्याकाळी कागद लागला, काल पहिल्यांदा तुम्ही त्यातून पाहिलं. तुम्हाले सवय कुठं होती? फॉर्म ओळखायले वाचता यायले पाहिजे. तो कालच कपाटात ठेवला हे ठाऊक पाहिजे. अन् अंगावर पिवळं पाहिजे."

प्रेमलताबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभ्या होत्या.

"चुलीत घातला," त्या म्हणाल्या. "माही माय इथं जवळ मोहगावले अंथरुणाले खिळली. दर आठवड्याले जाऊन तिचं करतो. नागपूरहून कशी आली असती मी? इथं येण्याआधी चार बदल्या तुमच्या मागं फिरली. फॉर्म भरताना मले एका शब्दानं विचारलं?"

"अन् या बाईवर आळ येऊ दिला?"

"हिरवं तुमीच म्हटलं. मी फक्त गप्प राहिली."

केशवराव बाहेर आले. आधी त्यांनी पुढचं दार लावलं.

"घरातली गोष्ट आहे, कलाबाई. फॉर्म सापडला म्हणू. तू उद्या कामावर ये."

"चोरटी म्हनलं तवा दार उघडं होतं, बाबूजी." कलाबाईनं जाऊन कडी काढली. "आता तितक्याच मोठ्यानं बोला."

आळीतली दारं किलकिली होती. केशवरावांनी तोंड उघडलं. बायकोकडे पाहिलं.

"ऊन लागून राहिलं डोळ्याले," ते पुटपुटले आणि खोलीत गेले.

मग उर्मिलाच ओट्यावर धावली. "कलाबाईनं काही घेतलं नाही हो! काही नाही घेतलं!"

"पोरगी आहे," कोणीतरी हसलं. "सुटीत तिले कामच काय?"

समोरच्या जयवंताबाई आपल्या ओट्यावर आल्या. तिथं कलाबाईसाठी काढून ठेवलेली खरकटी भांडी त्यांनी तिच्याकडे न पाहता एकेक करून उचलली, आत नेली, आणि आतून घासल्याचा आवाज येऊ लागला.