चार मात्रांचा सूर

जिन्यात कुणीतरी सकाळपासून एकच सूर धरून बसलं होतं. वरच्या खोलीत माझा पियानोपाशी जीव टांगणीला, आणि खाली हा भोंगा... शेवटी मी तणतणत उतरले.

पायरीवर एक तरुण बसला होता. मांडीवर पितळी हॉर्न – गाडीचा नव्हे, वाद्यवृंदातला, वेटोळ्यांचा – आणि नजर मनगटावरच्या घड्याळावर.

“अहो, दुसरा सूर येत नाही का तुम्हाला?”

“येतात की!” तो हसला. “पण तुमच्या तीन भागांच्या पियानो-कॉन्चेर्टोत लांब धरायचा असा हा एकच आलाय वाट्याला.”

मी वरमलेच. कालच्या तालमीत मी कुणाकडे धड बघितलंच नव्हतं. दुसरा भाग सरला, तिसऱ्यात शिरायचं, आणि माझे हात पट्ट्यांवर गोठले. अख्खा वाद्यवृंद थांबला. संचालकांनी शांतपणे सांगितलं, “उद्या पुन्हा अडकलात, तर शनिवारच्या कार्यक्रमात दुसरी कुणी वाजवेल.”

तो ‘उद्या’ म्हणजे आजची दुपार.

“पहिला भाग भांडकुदळ, दुसरा हळवा, तिसरा वात्रट,” मी कुरकुरले. “एका घरात नांदायचे कसे हे?”

“आम्ही तीन भाऊ असेच आहोत. तरी जेवायला एकत्र बसतो.”

“ते कसं?”

“आई दारात उभी राहते. सगळे येईपर्यंत हलत नाही.” तो हॉर्न पुसू लागला. “दुसऱ्या भागाचा शेवटचा सूर मी सोडत नाही, त्यावरच तुमचा तिसरा सुरू होतो. दार उघडंच असतं हो... तुम्ही नुसतं आत यायचं.”

बोलणं गोड होतं. धीर मात्र आला नाही.

दुपारी पहिला भाग भांडून झाला. दुसरा इतका हलका उतरला की मलाच भीती वाटली. मग त्याचा सूर आला. चार मात्रा. एक... दोन... तीन... चार. हात हलेनात! पण सूर थांबला नव्हता. सहा... सात... मी मान वळवली. त्याचे कान लालबुंद झाले होते, आणि नजर माझ्यावर. नवव्या मात्रेला माझी बोटं पट्ट्यांवर पडली, आणि तिसरा भाग सुसाट सुटला.

संपल्यावर संचालक कडाडले, “हॉर्न! चार मात्रा लिहिल्यात, नऊ नव्हेत!”

“चुकलं,” तो खाली बघत म्हणाला.

गप्प बसले असते तर शनिवार माझाच होता. पण बसवेना. मी उभी राहिले.

“चूक त्यांची नाही. मी अडकले होते. त्यांनी मला सांभाळून घेतलं.”

संचालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“मग शनिवारीही घ्या सांभाळून,” ते म्हणाले. “पण सहा मात्रांच्या वर नको.”

जिन्यात तो वाद्य पेटीत ठेवत होता.

“सकाळी घड्याळ लावून तेच चाललं होतं ना? माझ्यासाठी?”

“काल तुमचे हात थांबलेले पाहिले... आणि मला रात्रभर चैन पडली नाही. अठ्ठावीस सेकंदांपर्यंत गेलोय.”

“आणि त्यातही मी नाहीच आले तर?”

त्याने पेटीची कडी लावली. कान पुन्हा लाल झाले होते.

“येशील तू.”

पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला. माझी धडधड काही थांबली नव्हती, पण आता तिचं कारण शनिवार नव्हता.

“शनिवारनंतरही थांबशील?” मी विचारलं.