माहेरची टाकी

तो दुकानात आला तेव्हा मी खांद्यापर्यंत टाकीत होते.

म्हणजे स्टुलावर चढून, बाही वर खोचून, सर्वांत मोठ्या टाकीच्या तळाशी अडकलेली हवेची नळी ओढत होते. एक गाल काचेला चिकटलेला, केस तोंडात. अशा अवस्थेत मुलीला कुणी पाहू नये... पण दार वाजलं, आणि सोनेरी माशांच्या पलीकडे, काचेतून, एक माणूस दिसला. गुडघ्यापर्यंत चिखल आणि हातात झाकलेली बादली.

“मालक आहेत?”

“जेवायला घरी गेलेत.”

“दुसरं कुणी...?”

“मालकांची मुलगी आहे. टाकीत आहे. थांबा जरा.”

तो हसला नाही. म्हणजे हसू आलं होतं, ते त्याने आवरलं. आणि ते आवरताना त्याच्या गालाला जे काही झालं, ते मी पाण्यातून पाहिलं. पुढे कितीतरी दिवस तेवढंच डोळ्यांसमोर येत राहिलं.

मी हात पुसत खाली उतरले. त्याने बादलीचं झाकण काढलं. आत कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा लांब, काळपट, खवल्यांचं चिलखत घातल्यासारखा मासा गुंडाळून बसला होता.

“हा तुमच्याकडचा का?”

मी वाकून पाहिलं. तोंड खालच्या बाजूला, गोल. टाकीची काच चाटून साफ करतो म्हणून लोक हौसेने नेतात तो मासा. आम्ही त्याला सकर म्हणतो.

“आमचे अंगठ्याएवढे असतात. हे धूड आमचं नव्हे.”

“नेताना अंगठ्याएवढेच असतात. मग टाकीत मावेनासे होतात. मग कुणाला तरी त्यांची दया येते, आणि तो त्यांना तळ्यात सोडतो.”

“मग वाईट काय? मोकळा होतो बिचारा.”

“हा मोकळा होतो,” तो म्हणाला, “बाकीचे अडकतात.”

गावाबाहेरच्या तळ्यावर तो पाहणीचं काम करत होता. पाण्यात कोणकोणते मासे उरलेत, कोणते दिसेनासे झालेत, ते बघायचं. या सकरला तिथे खाणारं कुणी नाही, हा काठ पोखरतो, तळ ढवळतो, छोट्या माशांची घरटी उद्ध्वस्त करतो. हे सगळं तो मला सांगत होता, आणि मी त्याच्या मनगटावर वाळत चाललेल्या चिखलाकडे बघत होते. ऐकत नव्हते असं नाही. दोन्ही करत होते.

तेवढ्यात बाबा आले. हात पुसत, तृप्त चेहऱ्याने. अर्धं ऐकूनच त्यांची तृप्ती उतरली.

“माझं आयुष्य मासे जगवण्यात गेलं! आणि तुम्ही मला मासे मारणारा म्हणताय?”

“तसं नाही म्हणालो, काका...”

“काका कुणाला म्हणता?”

तो गेला. बाबांनी दिवसभर त्याचा उद्धार केला. “आला मोठा तळेवाला!” तेव्हापासून आमच्या घरी त्याचं नाव तळेवालाच पडलं.

मी मात्र दोन-चार दिवसांतच तळ्यावर गेले. कारण? पाणवनस्पती बघायला. असं मी आईला सांगितलं, बाबांना सांगितलं आणि रस्ताभर स्वतःलाही सांगत राहिले.

सकाळचं कोवळं ऊन होतं. तो काठावर जाळं उलगडत होता. मला पाहिलं आणि हातातलं जाळं हातातच राहिलं.

“आज कोरड्या आहात,” तो म्हणाला.

“तुम्ही मात्र तसेच आहात.”

“या इकडे. हळू... सावली पाण्यावर पडू देऊ नका.”

मी त्याच्याशेजारी उकिडवी बसले. उथळ पाण्यात, गवताच्या मुळाशी, वाळूत वाटीएवढा खळगा होता. त्यावर बोटाएवढा एक मासा जागच्या जागी थरथरत उभा होता. पोटाला लालसर झाक. आमच्या दुकानात असता तर कुणी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नसतं.

“अंडी आहेत खाली,” तो कुजबुजला. “हा बाप.”

“आणि आई?”

“अंडी घालून गेली. आता पिल्लं पोहायला लागेपर्यंत हा हलत नाही. धड खातही नाही.”

“कुणाची वाट बघत इतकं उपाशी राहायचं...” मी म्हणाले.

“राहतात काहीजण,” तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मग त्याने पुढची जागा दाखवली. तिथेही तसाच खळगा असावा, पण आता नुसता गाळ होता. नांगरल्यासारखा. आणि त्या गाळावर तसाच एक लाल पोटाचा मासा, काहीच नसलेल्या जागेवर, अजून पहारा देत होता.

मला एकदम भरून आलं. माशासाठी मी कधी रडले नव्हते. दुकानात मासे रोज मरतात, आपण जाळीने काढतो, पुढे जातो. त्याने आपला रुमाल पुढे केला. रुमालही चिखलाचाच होता. ते पाहून आम्ही दोघंही हसलो.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. बाबा पेपरामागून “हं” म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी ते दुकानात उशिरा आले, आणि त्यांच्या चपलांना काठावरचा लाल गाळ होता. ते थेट मागच्या अंगणात गेले. तिथे आमची जुनी सिमेंटची टाकी होती, वर्षानुवर्षं अडगळीने भरलेली. ती त्यांनी स्वतः रिकामी केली, घासली, भरली.

“आजपासून हा सकर मी मागवणार नाही,” ते म्हणाले. “काच मळली तर लोकांनी हात बुडवून पुसावी. आणि ज्यांना आपला मासा नकोसा झालाय, त्यांनी तो इथे आणून द्यावा. सासरी जड झाली तर पोर माहेरीच येणार ना? तळ्यात कशाला ढकलायची?”

दारावर मी पाटी लावली – ‘मासा नकोसा झाला? पाण्यात सोडू नका. माहेरी आणा.’

आणि लोक खरंच आले! एक वाजंत्रीवाले काका ताटाएवढा मासा कढईत घेऊन आले आणि जाताना त्याला “येतो रे” म्हणून गेले. एक बाई दोन कासवं घेऊन आल्या. मुलं शिकायला लांब गेली, ती आता फोन करून पहिल्यांदा कासवांचीच चौकशी करतात, म्हणाल्या. माहेर भरत गेलं.

तोही यायचा. जाळ्यात सापडलेले सकर परत पाण्यात सोडायचे नाहीत, असा त्याचा नियम. म्हणून जिवंत सापडला की तो बादलीत घालून माझ्याकडे आणायचा. सुरुवातीला तर रोज.

“आणखी एक लेक आणली,” तो म्हणायचा.

“किती लेकी आहेत तुम्हाला?”

“अजून लग्न नाही झालं माझं.”

“मी ते विचारलं नव्हतं.”

“मीही सहजच सांगितलं.”

बाबा गल्ल्यामागून खाकरायचे.

एकदा एका माशाने पर ताठ केला आणि काटा माझ्या तळव्यात घुसला. त्याने माझा हात धरून नळाखाली नेला. पाणी वाहत राहिलं. रक्त केव्हाच थांबलं होतं. पाणी मात्र वाहतच राहिलं... आणि दोघांपैकी कुणाला नळ बंद करायचं सुचेना.

“दुखतंय?” त्याने विचारलं.

“हो,” मी म्हणाले. जराही दुखत नव्हतं.

मग हळूहळू एक विचित्र गोष्ट घडू लागली. तो रोज यायचा, तो एक दिवसाआड येऊ लागला. मग आठवड्याने. दारावरची पाटी आपलं काम करत होती. नवे मासे तळ्यात पडत नव्हते, जुने जाळ्यात येऊन संपत चालले होते. काठाशी खळगे वाढलेत, पिल्लांचे थवे दिसतात, असं तो आनंदाने सांगायचा, आणि मीही “अरे वा!” म्हणायचे. मनापासून म्हणायचे. पण तो गेला की स्टुलावर बसून राहायचे. तळं बरं होत होतं, आणि त्याला माझ्याकडे यायला कारण उरत नव्हतं.

मला त्या दिवसांत काय काय वाटायचं, ते कुणाला सांगण्यासारखं नाही. दार वाजलं की मी स्टुलावरून उठायचे. गिऱ्हाईक असायचं. त्यांना मी माशांचं खाद्य द्यायचे, पाण्याचं तापमान समजावून सांगायचे, आणि बोलता बोलता माझी नजर काचेतून रस्त्यावर जायची. एकदा तर मनात आलं... एखादा सकर चुकून सापडू दे आज. एवढासा. लगेच स्वतःचीच लाज वाटली. तो पहारा देणारा लाल पोटाचा मासा डोळ्यांसमोर आला.

एके दुपारी तो आला तो स्वच्छ कपड्यांत. पायांना चिखल नाही, हात मोकळे. मी ओळखलंच.

“काम संपलं?”

“हो. जाळी रिकामी येताहेत कधीची. मला घाटावरच्या धरणावर पाठवताहेत. तिथेही हेच सुरू झालंय.”

“अभिनंदन,” मी म्हणाले.

हे शब्द कुठून आले, देव जाणे. तो काहीतरी बोलणार होता... हवेच्या पंपांची घरघर, पाण्याचे बुडबुडे, आणि आमच्यामध्ये ती टाक्यांची रांग. मग बाबा आले. बाबांनी त्याला पाठीवर थाप मारून “जपून जा रे” म्हटलं. तो बाबांना वाकून नमस्कार करून गेला.

तळं खूप सुंदर झालं त्या वर्षी. बगळे परत आले. मी अधूनमधून काठावर जाऊन बसायचे. आपल्या माणसाने सावरलेल्या जागी बसावं आणि तो माणूसच तिथे नसावा... पाण्यात पिल्लं चमकायची, आणि ती दाखवायला शेजारी कुणी नसायचं. “हळू, सावली पडू देऊ नका,” असं मी स्वतःलाच म्हणायचे.

फोन? त्याचा नंबर होता माझ्याकडे. कितीदा तो काढून बघितला. पण काय बोलणार? “मासा सापडला नाही” असं सांगायला कुणी फोन करतं का?

एक दिवस मी टाक्यांचं पाणी बदलत होते. बाबा बराच वेळ नुसते बघत होते. मग म्हणाले, “एखादा मासा खाईना, कोपऱ्यात जाऊन बसला, रंग उतरला, तर आपण काय करतो?”

“पाणी तपासतो.”

“आणि पाणी ठीक असेल तर?”

मी हातातली नळी उगाच हलवत राहिले.

“मग त्याला जोडी लागते, बाळ.” बाबांनी माझ्या हातातली नळी काढून घेतली. “घाटावर सकाळची बस आहे. दुकान मी बघतो. आईला मी सांगतो. तू जा.”

“पण बाबा, तुम्हाला तर तो...”

“मला तो पहिल्या दिवसापासून आवडत नाही,” बाबा म्हणाले. “आणि आता नसल्यामुळे करमत नाही. जा म्हणतो ना!”

बस वळणं घेत चढत होती. धुकं खिडकीतून आत येत होतं, हाताला गार लागत होतं. पोहोचेपर्यंत मी मनात चार वाक्यं पाठ केली होती. धरणाच्या काठाशी तो कमरेएवढ्या पाण्यात उभा दिसला, आणि चारही वाक्यं विसरले.

त्याने मान वर केली. जाळं टाकून तो धावतच बाहेर आला.

“तुम्ही? इथे? काय झालं? काका बरे आहेत ना?”

“बरे आहेत.”

“आई?”

“तीही.”

“माहेरच्या टाकीत काही...?”

“सगळे मजेत आहेत. मासे मजेत आहेत, कासवं मजेत आहेत, तळंसुद्धा मजेत आहे. मीच तेवढी नाही.”

तो उभा राहिला. अंगावरून पाणी निथळत होतं.

“त्या दिवशी मी तेच बोलायला आलो होतो,” तो शेवटी म्हणाला. “स्वच्छ शर्ट कशाला घातला होता मी? पण तुम्ही अभिनंदन म्हणालात. वाटलं... सुटल्या एकदाच्या.”

“मग काय म्हणायला हवं होतं?”

“‘जाऊ नका’ म्हणायचं.”

“म्हटलं असतं तर राहिला असता?”

त्याने धरणाच्या पाण्याकडे पाहिलं. खोटं त्याला कधीच बोलता आलं नाही. “नाही. इथली अवस्था वाईट आहे. आलोच असतो. पण तुमच्याकडे परत येणारा माणूस म्हणून आलो असतो. नुसता बदली झालेला म्हणून नाही.”

“मी दुकान सोडणार नाही,” मी म्हणाले.

“सोडू नका. इथलं काम किती चालेल, मलाही माहीत नाही. जाणं-येणं करावं लागेल, वाट बघावी लागेल. चालेल?”

“वाट बघायची सवय झालीय. कुणाची, ते माहीत असलं की झालं.”

“माझी,” तो म्हणाला. मग घाबरल्यासारखा, अगदी हळू, “माझी बघशील?”

पहिल्यांदाच. त्या एका ‘बघशील’ने धुक्यातला अख्खा घाट माझ्याभोवती फिरला. मी मान हलवली. त्याने हात पुढे केला, मग ओला आहे हे लक्षात येऊन मागे घेऊ लागला. मी तो घेऊ दिला नाही.

वरच्या रस्त्यावर हॉर्न वाजला. परतीची बस धुक्यातून वळण घेत येत होती.

“तुमची बस,” तो म्हणाला.

“काय म्हणालास?”

तो हसला. यावेळी हसू आवरलं नाही. “तुझी बस आली.”

कंडक्टर दारात लोंबकळत ओरडत होता, “चला, कुणी आहे का?” मी हात हलवून त्याला पुढे जायला सांगितलं.

“नाही,” मी म्हणाले. “माझी पुढची आहे.”