तीन कोरे कप्पे

रिव्हॉल्वर घ्यायचं तर नळी मी शेवटी बघतो. आधी बघतो ते काडतुसांचं चक्र. गोळी सुटली की त्या कप्प्याच्या तोंडाशी काजळीचं कडं उमटतं, आणि कितीही घासलं तरी ते पुरतं जात नाही. कारखान्यात एकाआड एक तीन कप्पे झाडून बघत. म्हणून सहापैकी तिघांनाच कडी असली तर समजायचं, माल कोरा आहे. माणसाच्या बोलण्यापेक्षा माझा काजळीवर भरवसा जास्त. चाळीस वर्षं जमिनी मोजल्या की माणूस असा होतो.

निवृत्तीनंतर मला असं एक हवं होतं, जे शनिवारी झाडताही येईल आणि माझ्यामागे बायकोला, लॉर्नाला, चांगल्या किमतीला विकताही येईल.

"म्हणजे खेळणं तुझं आणि नाव माझं," लॉर्ना म्हणाली. शिलाई मशीनवरून तिनं मान वर केली नाही.

हॉफस्टेटर नावाचे एक म्हातारे वृद्धाश्रमात चालले होते. त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन रिव्हॉल्वर विकायला मांडली. एक झिजून गुळगुळीत झालेलं, दुसरं सत्तावन्न सालचं, निळ्या खोक्यासकट. टेबलाला खुर्ची एकच होती. मी निळ्या खोक्यातलं उचलून चक्र उघडलं. एकाआड एक तीन कडी.

"झाडलंत कधी?"

"चार शनिवार झाडलं."

मी पुन्हा मोजली. तीनच. म्हाताऱ्याला आता काही आठवत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

"घरी बायको आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. का?"

"मग ते जुनं घे, बाबा. हे नको."

चांगला माल हातून सोडवत नाही म्हातारबुवांना, असं मला वाटलं. मी बाराशे डॉलर ठेवले आणि खोकं उचललं.

पहिल्या शनिवारी दहा वाजता क्लबच्या मैदानावर सहा बार काढले. निशाण्याच्या कागदावर भोकं तीन.

"चष्मा बदल, वेंडेल," ड्वाइट म्हणाला. ड्वाइट माझा तीस वर्षांचा मित्र. शनिवारी मैदानावर नसला तर आपल्या गॅरेजात काडतुसं भरत बसलेला असतो. "उरलेल्या तीन गोळ्या ओहायोला पोचल्या असतील."

घरी येऊन चक्र पुसलं. काजळी त्याच तीन कप्प्यांना होती. बाकीचे तीन आरशासारखे स्वच्छ.

दुसऱ्या शनिवारीही तेच झालं. घरी आलो तर लॉर्ना म्हणाली, "सुतारपक्ष्यानं आपल्या गॅरेजची भिंत फोडली बघ." एका रेषेत तीन भोकं. मी चाकूनं एक उकरलं. आत शिसं होतं, माझ्याच मापाचं.

शिसं मी खिशात टाकलं. 

तिसऱ्या शनिवारी मी मैदानावर गेलो, पण बार काढला नाही. ड्वाइटनं माझ्या हातून रिव्हॉल्वर घेतलं. "आण इकडे. हत्यार चांगलं आहे, हात म्हातारा झालाय." त्यानं सहा बार काढले. भोकं तीन. त्यानं कागद घडी करून खिशात घातला आणि गाडीत जाऊन बसला.

घरी स्वयंपाकघराच्या दारात तीन भोकं होती.

"दहाला ठक ठक ठक वाजलं," लॉर्ना म्हणाली. "मला वाटलं, किल्ली विसरून तूच आलास."

त्या दिवशी मी एकही बार काढला नव्हता. म्हणजे या माझ्या गेल्या शनिवारच्या गोळ्या होत्या. त्या आठवडाभर उशिरा येत होत्या.  गॅरेजच्या भोकापासून दाराच्या भोकापर्यंत मी दोरी ताणली आणि तशीच सरळ घरात नेली. ती मशीनपुढच्या लॉर्नाच्या खुर्चीपाशी पोचली, छातीच्या उंचीवर. मला हॉफस्टेटरांची एकच खुर्ची आठवली.

आणखी तीन यायच्या होत्या.

गुरुवारी ड्वाइटचा फोन आला. "शनिवारी येतोस ना?"

"नाही जमणार."

"मग मीही गॅरेजातच बसतो."

त्याला सगळं सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण तो हसेल, क्लबात सांगेल, म्हणून मी गप्प बसलो. त्याची मला आज लाज वाटते.

शनिवारी नऊलाच लॉर्नाला नाश्त्यासाठी गावात नेलं. अंडी, बटाटे, तीनदा कॉफी. दहा वाजले तेव्हा मी तिचा हात धरून बसलो होतो.

"म्हातारचळ लागला वाटतं तुला," ती म्हणाली. पण हात तिनं सोडवला नाही.

अकराला परतलो. खुर्ची शाबूत. मशीन, भिंत, खिडकी, सगळं शाबूत. मी प्रत्येक लाकडावरून बोट फिरवलं. लॉर्ना कॉफी ठेवायला गेली. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

मग आठवलं.

गेल्या शनिवारचे बार माझे नव्हते, ड्वाइटचे होते.

आणि माझ्या पहिल्या तीन गोळ्या गॅरेजात आल्या होत्या.

मी फोन लावला. ड्वाइटची बायको पॉलीन बोलली.

"ड्वाइट? गॅरेजात आहे. दहाला काहीतरी ठोकत होता, तीनदाच. केव्हाच्या हाका मारतेय, पॅनकेक पार गार झाले. थांब हं, बघून येते."

"पॉलीन, तू जाऊ नकोस."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तिच्या सपाता तीन पायऱ्या उतरल्या. मग गॅरेजचं दार करकरलं.