धाग्याचं दुसरं टोक

ही खरी घडलेली गोष्ट आहे. माझ्या मावसबहिणीच्या, क्षितिजाच्या बाबतीत घडलेली. ती सांगत होती तेव्हा तिच्या हातातला चहा निवून गेला. चहा निवू देणाऱ्यांतली क्षितिजा नाही, एवढं मी छातीठोक सांगते.

भुतं फक्त अमावास्येला मध्यरात्री निघतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी आत्ताच सावध व्हावं.

हे घडलं शुक्रवारी. भर दुपारी. भिवंडीत, निजामपुऱ्यातल्या एका गल्लीत.

शुक्रवारी तिथले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात. एरवी त्या गल्लीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. भिंती थरथरतात, मांडणीतली भांडी थरथरतात, आणि तिथल्या माणसांना त्यातच गाढ झोप लागते. शुक्रवारी मात्र गल्ली इतकी गप्प होते की नवख्या माणसाला कानात दडे बसल्यासारखं वाटतं.

क्षितिजा मानकोलीची. नर्स आहे, पण हॉस्पिटलातली नव्हे. कॅन्सरच्या ज्या पेशंटला 'आता घरी न्या' म्हणून सांगितलेलं असतं, त्याच्या घरी ती जाते. एका संस्थेचं काम आहे. पाठीवर बॅग टाकायची, रिक्षा पकडायची, गल्ल्या पालथ्या घालायच्या. जखम धुवायची, नळी बदलायची, दुखणं कमी करायचं. बरं करणं तिच्या हातात नाही.

"बरा व्हनार न्हाय, तं तू जाऊन करतस तरी कय?" कमळमावशी, म्हणजे तिची आई, नेहमी विचारायची.

"बसते, आये," क्षितिजा म्हणायची.

निजामपुऱ्यात सालेहाखाला ही तिची पेशंट होती. तोंडाचा कॅन्सर. नाकातून नळी घातलेली, अन्न-पाणी-औषध सगळं त्यातूनच. मूलबाळ नाही. वरच्या मजल्यावर पुतण्या आणि त्याची बायको हफसा राहायचे. खाली ही दोघं, खाला आणि तिचा नवरा गुलाम हुसेन.

गुलामचाचांचा जन्म लूमवर गेलेला. कान पार गेले होते. पण लूमवरची माणसं कानांनी ऐकतात कुठे? त्या गदारोळात ती समोरच्याच्या ओठांवरचं वाचतात. खालाचा आवाज गेला तेव्हा गल्लीला वाईट वाटलं. या दोघांना काहीच फरक पडला नाही. आवाजाशिवाय बोलायची सवय त्यांना लग्नापासूनच होती. क्षितिजा जखम धूत असायची आणि ही दोघं ओठांनी भांडत असायची. खाला मध्येच डोळे मिचकावायची.

मग सूज वाढली. ओठही हलेनात. लिहायला खाला शिकलेली नव्हती.

दिवसा खुणांवर भागायचं. रात्रीचं काय? ती हाक मारू शकत नाही, आणि मारली तरी त्यांना ऐकू येत नाही.

चाचांनीच तोड काढली. लूमवरचं सूत पाच-सहा पदरी पिळलं. एक टोक खालाच्या मनगटाला, दुसरं आपल्या. गाठ मारली ती कारागिराची, ताण्यातला तुटलेला धागा जोडतात ती. ती सुटत नाही. खाला खाटेवर, चाचा खाली सतरंजीवर.

क्षितिजाला ते इतकं आवडलं की खुणा तिनंच ठरवून दिल्या. एकदा ओढलं तर पाणी. दोनदा ओढलं तर दुखतंय, गोळी द्यायची. तीनदा ओढलं तर काही नको, नुसतं जवळ येऊन बस.

त्या दिवशी ड्रेसिंग करताना खालाच्या मनगटावरच्या सुतावर बेटाडीनचा थेंब सांडला. तपकिरी-पिवळा डाग पडला. "घ्या खाला, बांगडीला खडा बसला," क्षितिजा म्हणाली. खालाचे डोळे हसले.

पुढे पुढे गोळ्या लवकर संपायला लागल्या.

"रातचं वडते. दोनदा. रोज," चाचा सांगायचे. गोळी कुटून, पाण्यात विरघळवून नळीतून द्यायची, दिवा मालवायचा, आडवं व्हायचं. दुखणं वाढलं असणार, दुसरं काय? डॉक्टरांनी डोस वाढवला.

एका पहाटे खाला गेली. वरच्या मजल्यावरच्या हफसालासुद्धा कळलं नाही, इतकी गुपचूप.

असं कोणी गेलं की क्षितिजा काही दिवसांनी पुन्हा त्या घरी जाते. मागे राहिलेल्या माणसाची विचारपूस करायची, आणि उरलेल्या मॉर्फीनच्या गोळ्या परत आणायच्या. तो नियमच आहे.

तर तो शुक्रवार.

खोली धुऊन काढलेली. लोबानचा वास. जखमेच्या ज्या वासाची नाकाला सवय झाली होती तो नव्हता, आणि त्याचंच तिला रडू आलं.

खाटेवर गादी तशीच होती. चाचा सतरंजीवर बसले होते. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली.

मनगटाला सूत होतं.

त्याचं दुसरं टोक खाटेवर पडलेलं. मोकळं. कात्रीनं कापलेलं.

"चाचा, हे अजून सोडलं नाही?"

ते तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"ती अजून वडते, बेटी," ते म्हणाले. "दोनदा."

क्षितिजाला कीव आली. अशी माणसं तिनं पाहिली होती. कोणी मेलेल्या बायकोसाठी चहा टाकतं, कोणी दाराची कडी लावत नाही.

"गोळ्या कुठायत, चाचा?"

त्यांनी उशीखालून पाकीट काढलं. जितक्या असायला हव्या होत्या तितक्या नव्हत्या.

"तुम्ही घेता का?" ती घाबरून म्हणाली.

"मी कशाला घेऊ? तिला देतो. सकालच्या नमाजनंतर कब्रस्तानात जातो. गोळी कुटून पान्यात घालतो, मातीवर वततो." त्यांचा आवाज फाटला. "पन थांबत न्हाय गो. रातचं परत वडते. तू म्हनालीस, तिला दुखनार न्हाय. दुखतंय तिला अजून. तिकडं कोन देईल गोळी? नको नेऊ ती."

तिनं कपाळाला हात लावला.

तेवढ्यात हफसा चहा घेऊन खाली आली. सुताकडे बघून तिनं क्षितिजाला बाजूला घेतलं.

"गुस्लच्या वेळी, शेवटची अंघोळ घालताना, खालाच्या हातची गाठ सुटेना," ती कुजबुजली. "मी मधेच कापलं. तिच्या मनगटावरचं तसंच कफनात गेलं. चाचांना सांगितलं नाही मी."

ती वर निघून गेली.

क्षितिजानं मग एक ठरवलं. चाचांच्या मनगटावरची गाठ सुटणारी नव्हती, तिनं फास बोटांवरून सरकवून काढला. हात तेवढे वाळले होते. तो आपल्या मनगटात घातला.

"तुम्ही झोपा. मी बसते. ओढलं तर मी बघते."

किती रात्रींचा जागलेला म्हातारा. पाठ टेकल्याबरोबर घोरायला लागला.

ती स्टुलावर बसून राहिली. लाइट गेली होती, पंखा बंद. गल्लीत एक लूम नाही, एक माणूस नाही. चहावरची साय हलत नव्हती.

थोड्या वेळानं तिचीही मान कलली. सकाळपासून ऊन खाल्लेलं.

आणि...

ती दचकून जागी झाली. कशानं, ते कळलं नाही.

मग मनगटाला ओढ लागली.

हलकी. दुखणाऱ्या माणसाच्या हातात असते तेवढीच.

तिनं खाटेकडे पाहिलं. सूत ताठ झालेलं. मोकळं टोक गादीपासून वर उचललेलं... आणि त्याला कोणीही धरलेलं नव्हतं.

परत एकदा.

मग सूत सैल पडलं.

तिचं अंग गार पडलं होतं. दोनदा. खरंच दोनदा. खालाला खरंच दुखतंय?

आणि मग तिला दुसरंच काहीतरी सुचलं, आणि भीती कुठल्या कुठे गेली.

ती जागी कशानं झाली होती?

पहिल्या ओढीनं. पहिली ओढ झोप मोडण्यात गेली होती. मोजल्या त्या पुढच्या दोन.

खालानं तीनदा ओढलं होतं. काही नको. नुसतं जवळ येऊन बस.

क्षितिजा तिथेच रडली. आजच नव्हे, खाला जिवंत असतानासुद्धा हेच झालं होतं. रोज रात्री ती नवऱ्याला जवळ बोलावत होती. तो बापडा उठायचा, गोळी द्यायचा, दिवा मालवून झोपायचा. तिला सांगता येत नव्हतं. आणि क्षितिजानं काय केलं होतं? डोस वाढवून आणला होता.

चाचा उठले. तिचा चेहरा बघून घाबरले.

"वडलं ना?"

सांगावं की नाही? न सांगितलं तर हा माणूस मरेपर्यंत कबरीवर गोळ्या ओतत राहील. सांगितलं तर... जवळ ये, असं बोलावतेय ती. कुठे जवळ?

पण त्या डोळ्यांसमोर तिला खोटं बोलवेना. तिनं सावकाश सांगितलं, एक एक शब्द ओठांवर स्वच्छ आणून.

चाचांनी खाटेवरचं सुताचं टोक हातात घेतलं.

"म्हंजे तवा पन?" त्यांनी विचारलं.

क्षितिजानं होकारार्थी मान हलवली.

म्हाताऱ्यानं खाटेच्या काठावर कपाळ टेकलं. खांदे हलत होते. मग त्यांनी डोळे पुसले आणि गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात दिलं.

"ने. दुखत न्हाय तिला," ते म्हणाले, आणि फास परत मनगटात चढवला. "मी बसतो."

त्यानंतर चाचा ठणठणीत होते, असं हफसा सांगते. जेवायचे. दाढी केली. फक्त रात्री सतरंजीवर न झोपता खाटेपाशी बसायचे.

पुढच्या शुक्रवारी हफसाचा फोन आला.

क्षितिजा पोचली तेव्हा ते तसेच होते. खाटेला टेकून बसलेले, मान गादीवर, हात पुढे पसरलेला. चेहऱ्यावर त्रास म्हणून नव्हता. असे चेहरे तिला ओळखता येतात.

सूत मनगटालाच होतं.

पण दुसरं टोक आता मोकळं नव्हतं...

कापलं होतं तिथे गाठ होती. कारागिराची. त्याला पुढचं सूत जोडलेलं, आणि शेवटी एक छोटा फास, बायकी मनगटाएवढा. रिकामा.

फासावर तपकिरी-पिवळा डाग होता.

आता घरात सूत ढीगभर होतं, बेटाडीनची बाटली फळीवरच होती. म्हाताऱ्यानं स्वतःच केलं असेल, असं मी क्षितिजाला म्हटलं.

कमळमावशीचं वेगळंच होतं. "बायकोनं नवऱ्याला हाक मारली, त्यान तुजा कय दोष?"

"मी सांगितलं नसतं तर तो गेला नसता, आये," क्षितिजा म्हणाली.

हफसानं त्या दिवशी तिला विचारलं होतं, सूत कापू का? ती म्हणाली, राहू दे, जाऊ दे तसंच.

क्षितिजा अजून घरोघर जाते. मुकी झालेली पेशंट असते, दमलेला नवरा असतो, खुणा ठरवाव्याच लागतात. सूत ती कोणाला बांधू देत नाही. घंटी देते, नाहीतर ताटली-चमचा. आणि निघताना घरच्यांना एक गोष्ट दोनदा बजावते.

"झोपेतून उठाल तेव्हा जितकं मोजाल, त्यात एक मिळवा."